राजधानी तीनदा पडली, राज्य एकदाच: लाओसच्या सेत्थाथिरात राजाची कारकीर्द

1565 ते 1575 या दहा वर्षांत ब्रह्मी फौजांनी व्हिएन्तियान हे शहर तीनदा घेतलं. पहिल्या दोन वेळी शहर हाती आलं, राज्य मात्र आलं नाही. काही महिन्यांनी फौजा परत गेल्या आणि लाओ राजा पुन्हा आपल्या जागी येऊन बसला. तिसऱ्या वेळी सगळं राज्यच त्यांच्या मांडलिकीत गेलं. शहर तेच होतं, हल्लेखोर तेच, रस्तेही तेच. फरक एकच होता: तिसऱ्या वेळी राजा नव्हता. दोन-तीन वर्षांपूर्वी तो दक्षिणेकडच्या रानात मोहिमेवर गेला, तो परत आलाच नव्हता.

त्याचं नाव सेत्थाथिरात. त्याच्या राज्याचं नाव लान सांग, म्हणजे दहा लाख हत्तींचा मुलूख. आजचा लाओस आणि मेकाँग नदीपलीकडचा ईशान्य थायलंडचा बराचसा भाग या राज्याच्या कक्षेत येत असे. काळ लक्षात राहावा म्हणून सांगतो: ज्या 1565 साली विजयनगरचा राक्षसतागडीला पाडाव झाला, त्याच वर्षी व्हिएन्तियान पहिल्यांदा पडलं.

राजधानी पडली की राज्य संपलं असं आपण सहज धरून चालतो. मेकाँगच्या खोऱ्यात तसं का होत नव्हतं, हे कळलं तर सेत्थाथिरातची अख्खी कारकीर्द उलगडते. नाहीतर ती नुसती लढाया, लग्नं आणि उच्चारायला अवघड नावांची यादी होऊन बसते. मीही शक्य तेवढी नावं गाळणार आहे.

नकाशा नसलेलं राज्य

शाळेच्या नकाशात राज्य म्हणजे एक रंग आणि त्याभोवती एक रेघ. सोळाव्या शतकातल्या लान सांगला अशी रेघ नव्हती. डोंगराळ मुलूख, मधूनमधून नद्यांची खोरी, आणि खोऱ्यात भातशेती करणारी वस्ती. अशा एका खोऱ्याला, त्यातल्या गावांना आणि त्यांच्या मुख्य ठाण्याला मिळून 'मुआंग' म्हणत. प्रत्येक मुआंगला आपापला प्रमुख. छोटा प्रमुख मोठ्याला मानी, मोठा त्याहून मोठ्याला, आणि सगळ्यांच्या वर राजा. मानायचं म्हणजे ठरलेल्या वेळी नजराणा पाठवायचा, लढाईला माणसं द्यायची, आणि राजवाड्याच्या किंवा मंदिराच्या बांधकामाला वेठीची माणसं पुरवायची. बाकी कारभारात वरचा फारसा लक्ष घालत नसे.

आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखं हे असतं. मोठ्या बाजाराला आसपासची पन्नास गावं जातात, पण त्या बाजाराची हद्द कुठे संपते हे कुणी दगड रोवून दाखवू शकत नाही. दोन बाजारांच्या मधलं गाव दोन्हीकडे जातं. एक बाजार पडला की ते दुसऱ्याचं होतं, आणि बाजार दुसरीकडे भरायला लागला की माणसंही तिकडे वळतात. लान सांगच्या कडेची मुआंगंही अशीच होती. एकाच वेळी दोन राजांना नजराणा देणारा प्रमुख कुणाला दुटप्पी वाटत नसे. तो जगायचा मार्ग होता.

या सगळ्यात कमतरता होती ती माणसांची. जमीन भरपूर होती. कसायला, लढायला, ओझी वाहायला हात कमी होते. म्हणून लढाईत जिंकणारा आधी माणसं उचलून नेई. गावंच्या गावं, कारागीर, माहूत, विणकर, सगळे आपल्या मुलखात नेऊन वसवी. लान सांग फा न्गुम या राजाने 1353 मध्ये उभं केलं. त्याच्या मुलाने 1376 मध्ये मोजदाद करवली, ती जमिनीची नव्हती, माणसांची होती. ताई वंशाचे कामाला-लढाईला येण्याजोगे पुरुष तीन लाख भरले, असं लाओ बखरी सांगतात, आणि हा राजा तेव्हापासून 'सामसेनथाई', म्हणजे तीन लाख ताईंचा धनी, या नावानेच ओळखला जाऊ लागला. आकडा थोडाफार फुगवलेला असेलही. पण राजाने आपली ओळख कशावर ठेवली ते पाहण्यासारखं आहे.

बारा वर्षांचा परदेशी राजा

सेत्थाथिरातचा जन्म 1534चा. वडील फोतिसारात लान सांगचे राजे. आई शेजारच्या लान ना राज्याची राजकन्या. लान ना म्हणजे आजचा उत्तर थायलंड, राजधानी चियांग माई. लान सांगच्या नावात दहा लाख हत्ती, तर लान नाच्या नावात दहा लाख भातखाचरं.

1545 मध्ये लान नामध्ये राजाचा खून झाला. दरबारी सरदारांचे गट पडले. चिराप्रभा नावाची राणी थोडा काळ गादीवर बसली. तिने बाहेरून चालून आलेल्यांना कसंबसं थोपवलं, पण कायमचा राजा हवा होता. सरदारांनी बाहेर बघायला सुरुवात केली. मारल्या गेलेल्या राजाच्या मुलीचा मुलगा शेजारच्या राज्यात होता, वय बारा. 1546 मध्ये सेत्थाथिरातला चियांग माईला आणून गादीवर बसवलं.

फोतिसारातच्या दृष्टीने हा मोठा डाव होता. बाप मेकाँगवर, मुलगा चियांग माईत, म्हणजे दोन मोठी राज्यं एका घरात. तो डाव वर्ष-दीड वर्षच टिकला. रानटी हत्तींना फास टाकून पकडण्याचं कसब पाहुण्यांना दाखवताना फोतिसारातचा हत्ती कोसळला, राजा त्याखाली सापडला आणि त्या दुखापतीने गेला, असं बखरीत येतं. राजधानीत धाकट्या भावांमागे सरदार उभे राहिले आणि राज्याचे तुकडे होणार असं दिसू लागलं. सेत्थाथिरात चियांग माई सोडून निघाला. वय चौदाच्या आसपास.

निघताना त्याने एक मूर्ती बरोबर घेतली. ती फ्रा केव, हिरव्या दगडात कोरलेली, साधारण 66 सेंटिमीटर उंचीची बसलेली बुद्धमूर्ती. जग तिला 'पाचूचा बुद्ध' म्हणतं, पण तो दगड पाचू नाही. लान सांगमधल्या नातेवाइकांना आणि दरबाराला मूर्तीचं दर्शन घडवायला नेतो, असं सांगून त्याने ती नेल्याची कथा आहे. मूर्ती चियांग माईला परत गेली नाही. तोही गेला नाही.

लान नाच्या सरदारांनी काही काळ वाट पाहिली आणि 1551 मध्ये मेकुती नावाच्या दुसऱ्याच राजपुत्राला गादी दिली. सेत्थाथिरातला हे रुचलं नाही. पण दोन्हीकडे एकाच वेळी बसता येत नव्हतं, आणि गादीवर प्रत्यक्ष माणूस नसेल तर राज्य हातून निसटतं, हा धडा तो सोळा-सतराव्या वर्षीच शिकला.

मूर्तीची ही ओढाताण श्रद्धेची होती तशीच राजकारणाचीही होती. राजा राज्य करतो तो पूर्वजन्मीच्या पुण्याच्या बळावर, अशी तिथली धारणा. पुण्य डोळ्यांना दिसत नाही. ते दिसतं ते राजाच्या ताब्यात कोणती पवित्र वस्तू आहे, तो किती विहार बांधतो, किती भिक्षू पोसतो यावरून. ज्याच्याकडे फ्रा केव, त्याच्याकडे पुण्य, आणि म्हणून माणसं त्याच्याकडे.

याच मानसिकतेचं एक टोक गोव्यात गाठलं गेलं. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंश्तांतीनु द ब्रागांस याने 1560 मध्ये श्रीलंकेतल्या जाफन्यावर हल्ला केला, तेव्हा बुद्धाचा दात म्हणून पुजला जाणारा एक अवशेष लुटीत हाती आला. तो गोव्याला आणला गेला. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजाने, म्हणजे पुढे सेत्थाथिरातचा आयुष्यभराचा शत्रू ठरलेल्या बायिन्नौंगने, त्यासाठी प्रचंड रक्कम देऊ केली. गोव्याचा तिजोरी सांभाळणारा वर्ग विकायला तयार होता. आर्चबिशप आणि धर्मगुरूंनी ठाम विरोध केला, आणि अखेर तो दात गोव्यात जाहीरपणे कुटून, जाळून नष्ट करण्यात आला. एका दातासाठी राजा खजिना मोकळा करायला निघतो, हे पोर्तुगिजांना अंधश्रद्धेचं टोक वाटलं असेल. बायिन्नौंगच्या हिशेबात तो सौदा बहुधा स्वस्तातला होता.

पश्चिमेचं वादळ

बायिन्नौंगशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. दक्षिण ब्रह्मदेशातल्या पेगूहून, म्हणजे आजच्या बगोहून, त्याने 1551 नंतर तीस वर्षांत जे उभं केलं तेवढं मोठं साम्राज्य आग्नेय आशियाच्या मुख्य भूमीवर आधी कुणी उभं केलं नव्हतं. त्याच्याकडे हत्ती, घोडदळ, तोफा आणि पोर्तुगीज बंदूकबाजही होते. 1558 मध्ये त्याने चियांग माई घेतलं. सेत्थाथिरातच्या आजोळचं राज्य आता पेगूचं मांडलिक झालं, आणि ब्रह्मी फौज लान सांगच्या दाराशी आली.

लान सांगची जुनी राजधानी उत्तरेत, डोंगरांच्या कुशीत होती. आजचं लुआंग प्राबांग. जागा देखणी, पण आसपास भातशेती थोडी, माणसं थोडी, आणि चियांग माईकडून येणाऱ्या फौजेला जवळ. 1560 मध्ये सेत्थाथिरातने राजधानी खाली दक्षिणेत, मेकाँगच्या मोठ्या वळणावरच्या सपाट मुलखात, व्हिएन्तियानला हलवली. त्याचे वडीलही अखेरची बरीच वर्षं इथेच राहत होते, त्यामुळे ही एका रात्रीतली कल्पना नव्हती. व्हिएन्तियानभोवती भाताची मोठी शेती होती, नदीपलीकडे कोरातच्या पठारावर वाढती लाओ वस्ती होती, आणि सयामकडे, म्हणजे आजच्या थायलंडकडे, तसेच व्हिएतनामकडे जाणाऱ्या व्यापारी वाटा जवळ होत्या. बाजार जिथे माणसं तिथे हलवला, एवढंच.

जुन्या शहराला त्याने वाऱ्यावर सोडलं नाही. निघायच्या सुमारास तिथे वात शिएंग थोंग हा विहार बांधून घेतला. छपरं जवळजवळ जमिनीला टेकतील अशी उतरत आलेली, आत काळ्या भिंतींवर सोनेरी नक्षी. लुआंग प्राबांगला जाणारा प्रत्येक प्रवासी आज तो पाहतोच. आणि प्राबांग नावाची उभी बुद्धमूर्ती, लान सांगच्या राजवंशाची रक्षक मानलेली, तिथेच ठेवली. शहराला आजचं नाव मिळालं ते तिच्यावरून. म्हणजे एक मूर्ती जुन्या राजधानीत, दुसरी, फ्रा केव, नव्या राजधानीत. राजा हलला तरी दोन्हीकडचं पुण्य शाबूत.

याच सुमारास त्याने दक्षिणेच्या शेजाऱ्याशी, अयुथयाच्या सयामी राज्याशी तह केला. दोन्ही राज्यांच्या मधल्या पट्ट्यात, आजच्या थायलंडच्या लुई प्रांतात डान साई इथे, 1560 मध्ये एक स्तूप बांधायला घेतला आणि 1563 मध्ये पुरा केला. त्याचं नाव 'फ्रा थात सी सोंग राक', दोन राज्यांच्या प्रेमाचा स्तूप. तह कागदावर लिहिला तर फाडता येतो. स्तूप पाडणं म्हणजे पाप. करार मोडणाऱ्याला दोन राजांचाच नव्हे तर पुढच्या जन्माचाही हिशेब द्यावा लागेल, अशी ही तजवीज.

राजकन्येचं प्रकरण

1563-64 मध्ये बायिन्नौंगने अयुथयावर चाल केली आणि तिथल्या चक्रफात राजाला शरण यायला लावलं. मैत्रीचा स्तूप सयामला वाचवू शकला नाही, पण सेत्थाथिरातने धागा सोडला नाही. त्याने चक्रफातच्या मुलीचा, थेपकसात्रीचा, हात मागितला. हीच मुलगी का? तिची आई सुरियोथाई. ब्रह्मी फौजेशी लढताना हत्तीवर स्वार होऊन नवऱ्याच्या बचावाला गेली आणि तिथेच मारली गेली, अशी तिची कथा सयामच्या घराघरांत पोचलेली. त्या आईच्या मुलीशी लग्न म्हणजे त्या शौर्याशी नातं.

मुलगी आजारी पडली म्हणून चक्रफातने दुसरी राजकन्या पाठवली. सेत्थाथिरातने तिला सन्मानाने परत पाठवलं: मला हवी ती थेपकसात्रीच, दुसरी नको. आजच्या वाचकाला हा उद्धटपणा वाटेल, आणि माझ्या मते थोडा होताही. पण त्या काळच्या राजकारणात नुसती सोयरीक पुरेशी नव्हती. कोणाशी सोयरीक, हे माणसं बघत. शेवटी थेपकसात्री बरी होऊन निघाली. अयुथयाच्या राजाचा जावई, फित्सानुलोकचा प्रमुख महाथम्मराचा, तोवर पेगूच्या बाजूला गेला होता. त्याने खबर पोचवली, ब्रह्मी तुकडीने वाटेतच पालखी अडवली आणि राजकन्येला पेगूला नेलं.

पुढे सेत्थाथिरातने सयामी फौजेबरोबर फित्सानुलोकला वेढा घातला, तोही फसला. घराघरांतली भांडणं आणि राज्याराज्यांतली भांडणं इथे इतकी गुंतली आहेत की वेगळी करायला गेलं तर दोन्ही कळत नाहीत.

पहिल्यांदा शहर पडलं

1564च्या अखेरीस चियांग माईत बंडाळी झाली. पेगूने ती मोडली; बंडातले काही पळून लान सांगकडे आले. हे निमित्त पुरेसं होतं. ब्रह्मी फौज लान सांगमध्ये शिरली आणि 1565च्या सुरुवातीला व्हिएन्तियान तिच्या हाती आलं. राजवाड्यातल्या राण्या आणि उपराजा, म्हणजे राजाचा भाऊ, कैद झाले. राजा मात्र सापडला नाही.

तो फौज घेऊन रानात गेला होता. आपल्याला ओळखीचा शब्द वापरायचा तर गनिमी कावा. समोरासमोर यायचं नाही. रसद तोडायची, पिछाडीवर घाव घालायचे, धान्य आधीच हलवायचं, गावं रिकामी करायची. ब्रह्मी सैन्याने त्याचा पाठलाग केला, पण प्रत्येक खोऱ्यात गाठायला उशीरच झाला. मग पावसाळा आला. मेकाँग फुगली, वाटा चिखलात गेल्या, अन्न संपलं, रोगराई पसरली. सैन्य कैदी घेऊन परत फिरलं.

इथे आठवडी बाजाराची गोष्ट पुन्हा कामाला येते. ब्रह्मी फौजेने बाजाराची जागा घेतली होती, बाजार नाही. जोवर राजा जिवंत होता आणि मुआंगचे प्रमुख त्याला धान्य व माणसं पोचवत होते, तोवर व्हिएन्तियान म्हणजे रिकामे ओटे. ते राखायला सैन्य ठेवायचं तर त्याला खायला कुठून घालणार?

परत आल्यावर सेत्थाथिरातने काय केलं? तटबंदी वाढवली, हे अपेक्षितच. पण त्याचबरोबर बांधकामांचा धडाका लावला. फ्रा केवसाठी मंदिर. ओंग तू विहारात कांस्याची भव्य बुद्धमूर्ती. आणि 1566 मध्ये थात लुआंग, लाओसचा सगळ्यात पवित्र स्तूप. जुन्या स्तूपाच्या जागेवर तीन पातळ्यांत चढत गेलेली ही वास्तू साधारण 45 मीटर उंच आहे. मधल्या पातळीवर मुख्य शिखराभोवती तीस छोटे स्तूप आहेत. बौद्ध परंपरेतल्या तीस पारमितांचे, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणाऱ्या गुणांचे, ते प्रतीक. अशोकाच्या काळात इथे बुद्धाचा अवशेष आला होता अशी आख्यायिका आहे, पण ती आख्यायिकाच.

लुटल्या गेलेल्या, राण्या कैदेत गेलेल्या, खजिना आटलेल्या राजाने एवढं बांधकाम काढणं वेडेपणाचं वाटतं. तसं नव्हतं. राजधानी पडली म्हणजे राजाचं पुण्य संपलं, असा अर्थ लोक लावणार होते. मांडलिक प्रमुख दुसरा धनी शोधणार होते. थात लुआंग हे त्याला दिलेलं उत्तर होतं. शिवाय असं बांधकाम म्हणजे हजारो माणसं वेठीला येणार, कुठल्या मुआंगने किती पाठवली ते दिसणार. कोण आपला उरला आहे हे मोजायची याहून सोपी रीत नाही.

1569: खोटं पत्र

1568च्या शेवटी बायिन्नौंग पुन्हा अयुथयावर आला. सयामने बंड केलं होतं. या वेळी वेढा महिनोन् महिने चालला. चक्रफात वेढ्यातच वारला. सेत्थाथिरात मोठी फौज घेऊन मदतीला निघाला.

शहरात कोंडलेली सयामी फौज आणि बाहेरून आलेली लाओ फौज यांच्या कात्रीत सापडलो तर संपलो, हे बायिन्नौंग जाणून होता. त्याने वेढा चालू ठेवून सैन्याचा मोठा भाग लाओंवर वळवला. बखरी सांगतात की हाती लागलेल्या फ्राया राम या सयामी सरदाराच्या नावाने सेत्थाथिरातला पत्र धाडलं गेलं: ब्रह्मी कोलमडत आहेत, लवकर या. लाओ फौज घाईने पुढे आली आणि दबा धरून बसलेल्या सैन्याच्या तोंडात सापडली. मे 1569 मध्ये तिचा पराभव झाला. ऑगस्टमध्ये अयुथया पडलं.

सेत्थाथिरातची ही सगळ्यात मोठी चूक. त्याची सगळी ताकद न लढण्यात होती, रानात, आपल्या माणसांत. परक्या सपाट मुलखात, दुसऱ्याच्या खबरीवर विसंबून तो खुल्या लढाईत गेला. पण न जाऊनही चाललं नसतं. ज्याच्याशी स्तूप बांधून तह केला, त्याला संकटात सोडणाऱ्या राजाला मुआंगचे प्रमुख किती दिवस मानतील?

बायिन्नौंगने थांबायचं नाव घेतलं नाही. त्याच वर्षी तो स्वतः लान सांगवर चालून आला. व्हिएन्तियान दुसऱ्यांदा पडलं. सेत्थाथिरात पुन्हा रानात. पुन्हा पाठलाग, रिकामी गावं, उपासमार, रोग. 1570च्या मे महिन्यात पाऊस तोंडावर आला तसा बायिन्नौंगला परत फिरावं लागलं, आणि गेलेल्या फौजेपैकी थोडेच जण घरी पोचले. आख्खं सयाम खाली आणणाऱ्या माणसाला इथे एका निसटत्या राजाने हात टेकायला लावले. या दोन वर्षांचं लष्करी मोल लाओसबाहेर फारसं ओळखलं जात नाही, याचं मला नवल वाटतं.

आणि मग तो दिसेनासा झाला

1571-72च्या सुमारास सेत्थाथिरातने दक्षिणेकडे, आजच्या आत्तापू प्रांताकडे मोहीम काढली. काही ठिकाणी ती डोंगरी लोकांविरुद्धची म्हटली आहे, काही ठिकाणी ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, राज्याशी तिचा संबंध जोडला आहे. बखरी घातपाताकडे बोट दाखवतात: राजाशी वैर असलेला एक प्रादेशिक प्रमुख आणि एक माजी मठाधिपती यांनी त्याला भरीला घालून सापळ्यात नेलं. राजा परतला नाही. प्रेत मिळालं नाही. वय अडतीसच्या आत.

ज्या युक्तीने तो दोनदा वाचला, म्हणजे रानात गडप होणं, तीच आता राज्याच्या मुळावर आली. राजा मेला असं म्हणता येईना, आहे असंही म्हणता येईना. मुलगा नोकेओ कुमान अगदीच तान्हा. सेन सुलिंथा नावाच्या साध्या घरातून वर आलेल्या सेनापतीने सत्ता हाती घेतली. बाळ त्याचाच नातू होता, मुलीचा मुलगा, पण सरदारांना हे पुरेसं वाटलं नाही. 1574-75 मध्ये बायिन्नौंगची फौज तिसऱ्यांदा आली. या वेळी तिच्याबरोबर एक माणूस होता: दहा वर्षांपूर्वी कैद करून नेलेला सेत्थाथिरातचा भाऊ, उपराजा. त्याला गादीवर बसवलं, सेन सुलिंथाला पेगूला नेलं, बाळालाही ओलीस म्हणून नेलं. राजवंशातला जिवंत माणूस पेगूच्या बाजूला उभा होता, आणि रानात कुणीच नव्हतं ज्याच्याकडे धान्य पोचवावं.

लोकांनी मात्र सेत्थाथिरातला एवढ्यात सोडलं नाही. काही वर्षांनी आत्तापूकडे एक माणूस उठला आणि म्हणाला, मीच तो राजा. मोठं बंड झालं, दक्षिणेतली माणसं त्याच्यामागे गेली. आत्तापूतल्या एका जिल्ह्याला आजही सेत्थाथिरातच्या नावाने ओळखतात.

ओलीस नेलेलं बाळ पेगूत वाढलं. 1581 मध्ये बायिन्नौंग गेला आणि त्याचं साम्राज्यही त्याच रीतीने विस्कटायला लागलं, कारण तेही एका माणसाभोवतीच बांधलं होतं. लान सांगमधून भिक्षूंचं एक मंडळ राजपुत्राला मागायला पेगूला गेलं. 1591 मध्ये नोकेओ कुमान व्हिएन्तियानला येऊन गादीवर बसला. पाच वर्षांनी तो वारला.

आज काय बघायला मिळतं

व्हिएन्तियानच्या मध्यातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला सेत्थाथिरातचं नाव आहे. त्याच रस्त्यावर फ्रा केवचं मंदिर आहे, पण आत फ्रा केव नाही. दोनशे वर्षांहून अधिक काळ मूर्ती इथे होती. 1779 मध्ये सयामी सेनापतीने शहर घेतलं आणि तिला उचलून नेलं. तोच सेनापती पुढे राजा होऊन त्याने बँकॉकमध्ये आजचा राजवंश सुरू केला, आणि मूर्ती राजवाड्याच्या आवारातल्या देवळात बसवली. ती अजून तिथेच आहे. सेत्थाथिरातने चियांग माईत जे केलं, तेच दोन शतकांनी त्याच्या राजधानीबाबत झालं. व्हिएन्तियानचं मंदिर आता संग्रहालय आहे.

थात लुआंगसमोर टोपी घातलेल्या, मांडीवर तलवार आडवी ठेवून बसलेल्या सेत्थाथिरातचा पुतळा आहे. मागचा सोनेरी स्तूप मात्र मूळचा जसाच्या तसा नाही. 1828च्या सयामी स्वारीत व्हिएन्तियान उजाड झालं, स्तूप पडीक झाला. पुढे फ्रेंचांनी तो पुन्हा उभारला; पहिला प्रयत्न लोकांना पसंत पडला नाही म्हणून 1930च्या दशकात पुन्हा काम काढलं. 1991 मध्ये लाओसच्या कम्युनिस्ट सरकारने राष्ट्रचिन्हावरचा विळा-हातोडा काढला आणि तिथे हा स्तूप घातला. राजेशाही 1975 मध्ये बुडवणाऱ्या पक्षाला आपलं चिन्ह म्हणून एका राजाने बांधलेली वास्तू घ्यावीशी वाटली. पुण्याची ती जुनी गणितं अजून चालतात की काय, अशी शंका येते.

डान साईचा मैत्रीचा स्तूपही थायलंडच्या बाजूला उभा आहे, आणि दरवर्षी वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास तिथे जत्रा भरते. जाणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे लाल कपडे चालत नाहीत. लाल म्हणजे रक्त, आणि इथे दोन राजांनी रक्त न सांडण्याची शपथ घेतली होती. लाल सदरा घालून गेलात तर बाहेरच थांबवतील.